ग्रीसची ती पांढरी गावं डोंगरावर कधी चढली आणि पांढरी कधी झाली

इंडिगोने मुंबई-अथेन्स थेट विमान जाहीर केल्यापासून आपल्याकडच्या ट्रॅव्हल ग्रुपांवर ग्रीसच्या फोटोंचा नुसता पूर आलाय. फोटो कुठलाही उघडा, तेच दिसतं: खाली निळा समुद्र, मधे उघडाबोडका डोंगर आणि माथ्यावर पांढऱ्याशुभ्र घरांची दाटी. मग कोणीतरी विचारतंच, की बंदर खाली, मासे खाली, सगळा धंदा खाली, तर ही माणसं एवढी चढण चढून वर का राहिली, आणि सगळ्यांनी मिळून पांढराच रंग कसा काय ठरवला? उत्तरंही ठरलेली. वर हवा छान लागते, पांढऱ्याने ऊन लागत नाही, त्यांच्या झेंड्याचे रंग आहेत ते. यातलं थोडं खरं आहे, बरंचसं अर्धवट आहे, आणि मुख्य गोष्ट राहूनच जाते ती ही की गाव डोंगरावर चढलं ते एका काळात आणि पांढरं झालं ते पार वेगळ्या काळात, दोन्हीची कारणं वेगळी, आपण फोटोत बघतो तेव्हा दोन्ही एकदम बघतो म्हणून एकच वाटतात.

हे समजून घ्यायला सँटोरिनी, म्हणजे पोस्टरवरचं सगळ्यात गाजलेलं बेट, कामाचं नाही, तिथे हॉटेलांनी एवढं काही झाकून टाकलंय की जुनं कुठलं आणि परवाचं कुठलं ते ओळखू येत नाही. आपण अस्तिपालेया घेऊ.

आधी गाव बघून घेऊ

अस्तिपालेया हे ग्रीस आणि तुर्कस्तानच्या मधल्या एजियन समुद्रातलं छोटं बेट, साधारण ९७ चौरस किलोमीटर, वस्ती जेमतेम तेरा-चौदाशे. दोन मोठे तुकडे आणि मधे त्यांना जोडणारी जमिनीची चिंचोळी पट्टी, असा त्याचा आकार. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून बोटीने गेलात तर दिवस किंवा रात्र त्यातच जाते, छोटा विमानतळही आहे. बेटावरच्या मुख्य गावाला तिथे होरा म्हणतात. जवळजवळ प्रत्येक बेटाला आपापलं होरा असतं, त्यामुळे "होरा बघितलं" एवढंच कोणी सांगितलं तर कुठल्या बेटावरचं ते विचारावं लागतं. दुसरा शब्द कास्त्रो, म्हणजे किल्ला. हे दोन शब्द लक्षात ठेवा, बाकी ग्रीक लागणार नाही.

खाली पेरा यालोस नावाचं जुनं बंदर. तिथून रस्ता आणि पायऱ्या, दोन्ही वर जातात, आणि चढ असा की पहिल्या पाच मिनिटांत गप्पा बंद होतात. मधल्या खिंडीसारख्या सपाटीवर आठ पवनचक्क्या एका ओळीत उभ्या, पूर्वी यांच्यावर धान्य दळायचे. तिथून पुढे अरुंद गल्ल्या, पांढरी घरं, लाकडी गॅलऱ्या, दारासमोर पायरी, पायरीवर कुंड्या. आणि सगळ्यात वर कास्त्रो. आता खालून वर नीट बघा. उतारावरची घरं पांढरी आहेत आणि माथ्यावरचा किल्ला मात्र डोंगराच्याच दगडाचा, करडा-तपकिरी, त्याला चुन्याचं बोट लागलेलं नाही. आत दोन चर्च आहेत तेवढीच पांढरी. म्हणजे गावाचा जो सगळ्यात जुना भाग, तोच पांढरा नाही. सगळी गोष्ट इथेच आहे.

वर का गेले? चाच्यांच्या भीतीने

१२०४ मध्ये चौथ्या क्रूसेडवाल्यांनी, म्हणजे पश्चिम युरोपातून धर्मयुद्धाला निघालेल्या सैन्याने, कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) लुटलं, तिथून ग्रीसवर राज्य करणारं बायझँटाइन साम्राज्य फुटलं आणि एजियनमधली बेटं व्हेनिसच्या सरदार घराण्यांनी आपापसात वाटून घेतली. अस्तिपालेया क्वेरिनी घराण्याकडे गेलं. पुढची कित्येक शतकं हा समुद्र म्हणजे कोणाचाच नव्हता आणि सगळ्यांचा होता. तुर्क, कॅटलान, जेनोवाचे, नंतर माल्टाचे, सगळ्या धर्मांचे चाचे यात होते, त्यामुळे "मुसलमान चाचे विरुद्ध बिचारे ख्रिश्चन" असली सोपी गोष्ट इथे चालत नाही. ते फक्त धान्य आणि जनावरं न्यायचे असं नाही, माणसं न्यायचे. गुलामांच्या बाजारात माणसाला भाव होता. त्यामुळे एका धाडीत अख्खं बेट रिकामं होऊ शकायचं, आणि तसं झालेलंही आहे. १४१३ मध्ये जोव्हान्नी क्वेरिनीला टिनोस आणि मिकोनोस या बेटांवरून माणसं आणून अस्तिपालेया पुन्हा वसवावं लागलं. (ही टिनोस-मिकोनोसची माणसं लक्षात ठेवा, पुढे लागतील.) १५३७ मध्ये बार्बारोसा, म्हणजे ऑटोमन आरमाराचा मुख्य हैरेद्दीन, आला आणि बेट तुर्कांकडे गेलं.

अशा परिस्थितीत किनाऱ्यावर घर बांधणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. वर गेलं की जहाज बरंच लांब असतानाच दिसतं, शेतावर-समुद्रावर गेलेली माणसं आत येतात, दार बंद.

आणि या किल्ल्याची गंमत अशी की त्याला आपल्या गडांसारखी वेगळी तटबंदी फारशी नाहीच. कल्पना करा की एखाद्या हाऊसिंग सोसायटीने कंपाउंड वॉल बांधलीच नाही, बिल्डिंगी एकमेकींना पाठीला पाठ लावून गोल उभ्या केल्या, बाहेरच्या बाजूला दार ठेवलं नाही, खिडकी ठेवली तर पार वरच्या मजल्यावर आणि तीही हात जाईल एवढी, सगळी दारं आतल्या चौकात, आणि येण्याजाण्याला एकच गेट. झाला कास्त्रो. घराची मागची भिंत हीच तटबंदी. खर्च वाटला गेला, राजाची तिजोरी लागली नाही. फोलेगांद्रोस, सिफ्नोस, अँटिपारोस, या बेटांवरही हाच प्रकार आहे, आणि फोलेगांद्रोसच्या कास्त्रोत तर आजही लोक राहतात. अस्तिपालेयाच्या किल्ल्याचं गेट एका चर्चच्या खालून जातं, म्हणजे डोक्यावर चर्च आणि खाली कमानीचा अंधारा बोळ, वाकून आत शिरलं की समोर छप्पर उडालेल्या भिंती आणि त्यांच्यातून दिसणारा समुद्र.

पण गल्ल्या वाकड्यातिकड्या आहेत त्या चाच्यांना चकवायला ना?

हे गाइड हमखास सांगतात आणि ऐकायला भारी वाटतं. मला काही फारसं पटत नाही. चाचे गल्लीपर्यंत पोचले म्हणजे गेट गेलंच, आता ते दोन वळणं चुकले काय आणि नाही काय. गल्ल्या वाकड्या आहेत कारण डोंगर वाकडा आहे. उताराला धरून घर, घराला धरून पायरी, पायरीला धरून पुढचं घर, कोणी नकाशा काढून प्लॉट पाडलेले नाहीत. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, असा की बोटी रद्द होतात. सरळ रुंद रस्ता असता तर वारा या टोकाने शिरून त्या टोकाने सगळं घेऊन गेला असता. वळणावर वाऱ्याचा जोर मोडतो, आणि गल्ली अरुंद असली की एका ना एका भिंतीची सावली दिवसभर मिळते.

आता चुना

पांढरा रंग म्हणजे साधा चुना. पानाच्या डबीत असतो तोच, त्यात काही ग्रीक जादू नाही. चुनखडीचा दगड भट्टीत साधारण ९०० अंशांना भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्या खड्यांवर पाणी टाकलं की फसफसतं, तडतडतं, वाफा येतात, पिंप हात लावू नये इतकं तापतं, आणि शेवटी मऊ लोण्यासारखा विरलेला चुना मिळतो. तो पातळ करून कुंचल्याने भिंतीवर मारायचा. पुढचं काम हवा करते. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे रंग वाळला असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात भिंतीवर दगडाचा एक पातळ पापुद्रा तयार झालेला असतो. म्हणूनच वर्षानुवर्षं चुना मारलेल्या घरांचे कोपरे गोल झालेले दिसतात, थरावर थर चढून दगडाच्या धारा आत बुडून जातात. फोटोत ती घरं हाताने लिंपल्यासारखी मऊ दिसतात ना, ती याच्यामुळे.

या बेटांवर लाकूड दुर्मीळ, पाणी दुर्मीळ, माती कमी, पण चुनखडी आणि संगमरवर भरपूर. चुन्याइतका स्वस्त रंग दुसरा नव्हताच. संगमरवरही भाजला की चुनाच देतो, आणि ग्रीसमध्ये शतकानुशतकं कित्येक प्राचीन मंदिरांचे दगड आणि पुतळे फोडून थेट चुन्याच्या भट्टीत गेले. आज म्युझियममध्ये काचेमागे ठेवतात तसल्या मूर्तींची तेव्हा सफेदी झाली. वाईट वाटतं, पण घर बांधणाऱ्याला समोर दिसत होता तो आयता, शुद्ध, फोडायला तयार दगड.

मग चाच्यांच्या काळात पण गावं पांढरी होती?

बाहेरून नव्हती, आणि असती तर मूर्खपणाच झाला असता. ज्याला लपायचंय तो डोंगरावर पांढराशुभ्र ठिपका कशाला काढेल, तो तर दहा मैलांवरून दिसेल. दगडाचं घर दगडाच्या डोंगरात मिसळून जातं. अस्तिपालेयाचा करडा किल्ला हेच सांगतो. १८३० च्या आसपास ग्रीस स्वतंत्र झाला, मोठ्या देशांच्या आरमारांनी चाचेगिरी मोडून काढली, आणि मग लोक किल्ल्यातून बाहेर पडून उतारावर घरं बांधायला लागले. दिसलं तर दिसू दे, अशी परिस्थिती आल्यावरच पांढरा रंग परवडतो.

यानंतर ग्रीसमध्ये सगळीकडे ऐकू येणारी गोष्ट अशी, की हुकूमशहा इओआनिस मेटाक्सासने (हा १९३६ ते १९४१ सत्तेवर होता) कॉलऱ्याच्या भीतीने घरांना चुना मारायचा हुकूम काढला आणि गावं पांढरी झाली. पुढे १९६७ ते १९७४ च्या लष्करी राजवटीने देशभक्ती म्हणून निळ्या-पांढऱ्यावर आणखी जोर दिला, असंही सांगतात. सायक्लेड्स नावाच्या बेटांच्या समूहाबद्दल या गोष्टी बोलल्या तर ठीक. पण अस्तिपालेयाला त्या लागूच होत नाहीत! हे बेट डोडेकानीज समूहातलं, १९१२ मध्ये इटलीने तुर्कांकडून घेतलं आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४७-४८ मध्ये ग्रीसला मिळालं. म्हणजे मेटाक्सासचा हुकूम अथेन्सहून निघाला असेल तेव्हा इथे राज्य रोमचं होतं. तरीही गाव पांढरं. का, तर मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं ती टिनोस-मिकोनोसची, म्हणजे सायक्लेड्सची माणसं. कागदावर बेट डोडेकानीजमध्ये असलं तरी तिथली बांधणी सायक्लेड्सच्या वळणाची आहे, सपाट छपराची चौकोनी घरं. सरकारी हुकमाने पांढरेपणा पक्का केला असेल, सगळ्यांना एका रांगेत आणलं असेल, पण सवय आधीची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आलेली. इटलीच्या ताब्यातल्या बेटांवर तर लोक मुद्दाम निळा-पांढरा लावून ग्रीक झेंडा मिरवायचे असं सांगतात, कालिम्नोस बेटाबद्दल हे विशेष ऐकायला मिळतं. म्हणजे झेंड्याची गोष्ट आहे थोडी खरी, पण ती सगळ्या ग्रीसची नाही.

आणि शेवटचा शिक्का कायद्याचा. १९७८ मध्ये सरकारने शेकडो गावं पारंपरिक वसाहती म्हणून जाहीर केली, तिथे बांधकामाचा आकार, उंची, रंग यांना नियम लागू झाले. आज तिथल्या कोणाला वाटलं की घर पोपटी करावं, तर ते त्याच्या एकट्याच्या हातात राहिलेलं नाही.

निळ्याचं काय?

नीळ. कपड्यांना घालायची तीच, आपल्याकडे गावी सफेदीत चिमूटभर टाकतात तीच. चुन्यात मिसळली की स्वस्तात निळा रंग. बोटीला रंग दिला आणि उरला तर तो दाराला, हाही एक भाग. पण सगळे घुमट निळे असतात हा फोटोंनी करून दिलेला गैरसमज आहे, बरेच घुमट पांढरेच असतात. आणि सगळी बेटंही पांढरी नाहीत. सिमी बेटावरची घरं पिवळी, गुलाबी, गेरूच्या रंगाची आहेत, हिओस बेटावरच्या पिर्गी गावात भिंतींवर काळी-पांढरी भौमितिक नक्षी खरवडून काढतात. ती पोस्टरवर कमी दिसतात, एवढंच.

चुन्याने खरंच घर गार राहतं का?

राहतं, पण सगळं श्रेय चुन्याला देऊ नका. ताजा चुना अंगावर पडलेल्या उन्हापैकी साधारण ८० टक्के परत फेकतो, आणि जी उष्णता शिरते ती रात्री बाहेर सोडण्यातही तो चांगला. सगळ्यात जास्त फायदा सपाट छपराला, कारण दुपारचं ऊन भिंतीपेक्षा छपरावर पडतं. पण त्याच्या जोडीला जाड दगडी भिंती, छोट्या खिडक्या आणि कोरडी हवा आहे म्हणून आत गार वाटतं. पातळ पत्र्याच्या शेडला चुना मारून तेवढा फरक पडणार नाही, पडेल तो थोडा, आणि विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात स्लॅबला चुना मारणाऱ्यांना तो थोडासुद्धा पुरतो.

आणि जंतू मरतात का?

ताजा असताना हो. ओला चुना प्रचंड अल्कधर्मी असतो, पीएच १२ च्या वर, त्यात बहुतेक जंतू टिकत नाहीत. पण तो हवेने पुन्हा दगड झाला की ती ताकद गेली. म्हणून एकदा मारून भागत नाही, दरवर्षी मारावा लागतो. या बेटांवर नद्या नाहीत, पूर्वी पावसाचं पाणी छपरावरून आणि अंगणातून टाक्यात उतरवून वर्षभर प्यायचे, तेव्हा छपराला आणि अंगणाला ताजा चुना मारणं हे सौंदर्याच्या आधी पिण्याच्या पाण्याचं काम होतं.

मग आपल्याकडे हे का टिकलं नाही?

चुना आपल्याला नवा नाही. गडांवर चुन्याचे घाणे अजून पडलेत, कोकण-गोव्यात शिंपले भाजून चुना करायचे, दिवाळीआधी घराला सफेदी व्हायची. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला, घरांना दुसरा रंग द्यावा लागायचा, असं जुने लोक सांगतात. अडचण पावसाची. अस्तिपालेयासारख्या बेटांवर वर्षाला काहीशे मिलिमीटर पाऊस पडतो तोही हिवाळ्यात, कोकणात तेवढा एखाद्या आठवड्यात पडतो. जून ते सप्टेंबर भिंत वाळतच नाही, चुना सुटतो, मागे काळं शेवाळ. मग सिमेंट आलं, डिस्टेंपर आला, दरवर्षी कुंचला कोण धरणार.

तसं तिथेही आता बरेच जण प्लास्टिक पेंट मारतात, वर्षावर्षाची कटकट नको म्हणून. दिसायला तेच. पण जुन्या दगडी भिंतीतला ओलावा चुन्यातून बाहेर पडायचा तो प्लास्टिकच्या थरामागे अडकतो आणि दोन-चार वर्षांत पापुद्रे सुटायला लागतात. जुन्या घराला चुनाच लावावा हे तिथले गवंडी सांगतात आणि आपल्याकडे वाडे दुरुस्त करणारेही हेच सांगतात.

डोंगरावर राहण्याची किंमत

किल्ला रिकामा कसा झाला ते राहिलं. माणसं हळूहळू खाली उतरतच होती, त्यात ९ जुलै १९५६ ला अमोर्गोस बेटाजवळ ७ हून मोठ्या तीव्रतेचा भूकंप झाला, सोबत त्सुनामी. ५० हून जास्त माणसं गेली, बहुतेक सँटोरिनीवर, आणि अस्तिपालेयाच्या किल्ल्यातली आधीच खिळखिळी झालेली घरं आणखी ढासळली. हा पट्टा आजही जागा आहे. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सँटोरिनी आणि अमोर्गोसच्या मधे हजारो छोटे धक्के बसले, सँटोरिनीवरून हजारो लोक बोटी-विमानं पकडून निघून गेले.

आता जो प्रश्न आहे त्याच्यापासून डोंगरावर चढूनही सुटका नाही, तो म्हणजे पर्यटक. गाव जितकं फोटोजेनिक तितकी घरं भाड्याने पर्यटकांकडे जातात, मग शाळेत बदली होऊन आलेल्या शिक्षकाला आणि दवाखान्यातल्या डॉक्टरला राहायला खोली मिळत नाही, हे कित्येक बेटांवर चाललंय. जुलै २०२५ पासून सँटोरिनी आणि मिकोनोसला क्रूझने उतरणाऱ्याकडून सीझनमध्ये माणशी २० युरो घेतात. त्याने गर्दी कमी होईल असं मला वाटत नाही, क्रूझच्या तिकिटापुढे २० युरो म्हणजे काहीच नाही, फार तर त्या पैशातून पाण्याचे पाइप बदलतील. अस्तिपालेया लांब आहे म्हणून अजून वाचलंय. तिथे २०२० मध्ये ग्रीक सरकार आणि फोक्सवॅगनने मिळून बेटावरच्या गाड्या इलेक्ट्रिक करायचा करार केला, बसही बोलावली की येते अशी केली, त्यामुळे नाव जरा जास्त ऐकू यायला लागलंय.

जायचंच असेल तर जुलै-ऑगस्ट टाळा, मेल्टेमीने बोट रद्द झाली तर पुढचं सगळं बुकिंग बोंबलतं. ईस्टरच्या आधीचा आठवडा सगळ्यात चांगला, पण ऑर्थोडॉक्स ईस्टरची तारीख बहुतेकदा आपल्या कॅलेंडरवरच्या गुड फ्रायडेशी जुळत नाही, ती वेगळी बघून घ्या. तेव्हा अख्खं गाव कुंचले घेऊन बाहेर असतं, भिंती होतातच, पण गल्लीतल्या फरशांच्या सांध्यांवरसुद्धा पांढऱ्या रेघा ओढतात, एकेक फरशी धरून, ओणवं होऊन. काळी पँट घालून जाऊ नका आणि भिंतीला टेकून फोटो काढू नका, ओला चुना कपड्यावरून निघतो पण कातडीला चांगलाच चावतो.